जावयाचा हूम

एकोडीत खायचं कुठे आणि प्यायचं कुठे असं कोणी मला विचारलं, तर मी आधी उलट विचारतो, तुम्ही त्या गावचे जावई आहात का? नसाल तर प्रश्न सोपा आहे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमची गावजत्रा, भरते त्या दिवशी साकोलीच्या मोटारीतून उतरा आणि दिसेल त्या पहिल्या ओसरीवर बसा. थोड्या वेळात ताट येतं. आमच्या झाडीपट्टीत मंडईचा पाहुणा ओळखीचा असावा लागत नाही, भुकेला असला की पुरतो. प्यायचं तर विचारावंही लागत नाही. ज्या घराच्या मागे दोन-तीन माणसं काही काम नसताना गंभीर चेहऱ्याने उभी असतील, तिथे जाऊन तितक्याच गंभीर चेहऱ्याने उभं राहावं.

जावई असाल तर मात्र नीट ऐका.

माझं लग्न एकोणऐंशी सालच्या वैशाखात झालं. मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालो होतो आणि तुमसरच्या एका राइस मिलमध्ये धानातला ओलावा तपासायच्या कामाला नुकताच लागलो होतो. तिथे राहायला एक खोली होती, पण तिचं छप्पर असं की पावसाळाभर बायकोला तिथे नेणं शक्य नव्हतं. त्यामुळे रुखमिणी आमच्या गावी आईजवळ राहिली आणि दिवाळीला माहेरी, एकोडीला गेली. मंडई झाली की मी तिला तिथूनच तुमसरला न्यायचं, असं दोन्ही घरांनी ठरवलं. मी छप्पर दुरुस्त करून घेतलं, भिंतींना चुना मारला, स्टोव्ह आणला, दोन ताटं आणली. मग रोज एका ताटात जेवायचं आणि दुसऱ्याकडे पाहत बसायचं, असे काही आठवडे गेले.

मंडईच्या दिवशी सकाळी मी एकोडीला उतरलो तेव्हा हातात रिकामी पत्र्याची पेटी होती. दारातच मंदाबाई उभी होती. ही रुखमिणीच्या भावाची बायको. नवीन जावयाची थट्टा करण्याचा हक्क आमच्याकडे तिच्या नात्याला असतो, आणि मंदाबाईने आपला कोणताही हक्क कधी वाया घालवलेला नाही.

"या पाव्हने. पेटी रिकामीच आनली वाटते. बायको भरून न्याची हाये का?"

"रुखमिणी कुठं हाये?"

"हाये ना. आत्याच्या ताब्यात हाये. सोडली आत्यानं, तं न्या."

आत्या म्हणजे सत्यभामाबाई, माझे सासरे दादाजी यांची आत्या. तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आल्या आणि मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांतून सगळ्या भाऊबंदकीवर राज्य करू लागल्या. गळ्यात तुळशीची माळ होती आणि दारूचा थेंबही शिवत नाही असा लौकिक होता. लग्न, वाटणी, बैलजोडी, काहीही त्यांच्या शब्दाशिवाय ठरत नसे. दादाजी स्वतः भजनी माणूस, साधा आणि भाबडा. कोणी काही विचारलं की ते आधी मागच्या अंगणाकडे पाहत आणि मग उत्तर देत.

दोन मंडयांपूर्वी एक प्रकार घडला होता. दादाजींचे चुलतभाऊ लक्ष्मणराव यांचा जावई डोमा घरोघरचा पाहुणचार घेऊन दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ पाहायला गेला. दंडारीत बायकांची सोंगं गडीच घेतात. डोमाने त्यातल्या एका सोंगाला आपली बायको समजून हाताला धरलं आणि चल घरी म्हणत थेट मोटारीच्या थांब्यापर्यंत नेलं. तो गडीही इतका पाहुणचार घेतलेला की निमूट गेला. तेव्हापासून आत्यांनी नियम केला: मंडईला जो जावई थेंब शिवेल, तो एकटा घरी जाईल. डोमाची बायको संक्रांतीपर्यंत एकोडीत राहिली आणि तिने सगळं धान कापलं.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. यंदाही कापणी तोंडावर होती. रुखमिणीचा विळा भरभर चालतो हे मला ऐकून माहीत होतं आणि आत्यांना पाहून माहीत होतं.

"मले काय भीती?" मी मंदाबाईला म्हणालो. "मी पेतच नाई."

"मंग तं झालंच. फक्त आमी काय पाजून राहिलो ते पाहत जा."

"म्हंजे?"

"म्हंजे जवाईले मंडईत पाजल्याशिवाय साऱ्या बायांचा सन जात नाई ना, बापा. आत्या नियम करतेत, आमी रीत पाळतो."

माझी अडचण अशी होती. जावयाने मंडईला बायकोच्या भाऊबंदांच्या प्रत्येक घरी ताटावर बसलंच पाहिजे. एक घर सोडलं तर ते घर रुसतं, आणि रुसलेलं घर सरळ आत्यांकडे जातं. बसलं तर समोर येईल ते खायचं आणि समोर येईल ते प्यायचं. त्यात काय मिसळलंय हे वासावरून ओळखावं म्हटलं, तर तो मोहाचा मुलूख. द्राक्षांच्या मुलखात द्राक्षं नुसती खाल्ली तर तोंडाला द्राक्षांचा वास येत असेल, दारूचा नाही. आमच्याकडे मोहाची फुलं वाळवून ठेवलेली असतात तिथपासून वास सुरू होतो. त्याच फुलांचा गोड पाक होतो, तीच पुरणासारखी पोळीत भरतात, तीच भाजून चण्यांबरोबर खातात, मोहाच्याच बियांच्या तेलात वडे तळतात. आणि तीच फुलं आंबवून, मडक्यावर मडकं ठेवून, वाफ गार करून जे उतरतं ती दारू. एकाच झाडाचे हे सगळे नातेवाईक, आणि सगळ्यांचा चेहरा सारखा. नाक हे उपकरण तिथे निरुपयोगी होतं.

दुसरं उपकरण मला दादाजींच्या देवघरासमोर सापडलं.

सणाच्या दिवशी आमच्याकडे जेवणाआधी हूम देतात. खापरीवर चुलीतले निखारे घ्यायचे, त्यावर तूप सोडायचं, तुपाने ज्वाळा उठली की अन्नाचा घास टाकायचा. पूर्वजांना पोहोचतो. दादाजी डोळे मिटून हूम देत होते आणि मी ती ज्वाळा पाहत होतो. तिच्यावर पाणी टाकलं तर ती विझेल. मद्यार्क टाकला तर वाढेल. कॉलेजच्या प्रयोगशाळेत यासाठी काचेची नळी, तराजू आणि प्राध्यापक लागत, इथे एक पळी पुरणार होती.

"मामाजी," मी दादाजींना म्हणालो, "आमच्या गावी प्याच्या वस्तूचाही हूम देतेत. पयली पळी अग्नीले, मंग मानसाले."

हे साफ खोटं होतं. दादाजींचे डोळे मात्र भरून आले.

"पाहा," ते घरातल्या सगळ्यांना म्हणाले. "शिकला-सवरला पोरगा, पन रीत सोडली नाई. आमी तं खाऊच घालतो पूर्वजाले, तहान त्याईलेही लागत अशीनच ना."

दाराआड रुखमिणी उभी होती. लग्नाला सहा महिने होऊनही तिच्याशी माझं पुरतं बोलणं झालेलं नव्हतं. पण ती हसू दाबते तेव्हा डावा गाल आत घेते, एवढं मला कळलं होतं. तिने डावा गाल आत घेतला.

पहिलं घर लक्ष्मणरावांचं. माझ्याबरोबर मंदाबाई होती, कारण जावयाला घरोघर फिरवणं तिचंच काम, आणि तिच्या हातात झाकण घातलेला पितळेचा मोठा चंबू होता. "आपल्या म्हशीचा मठ्ठा हाये," ती म्हणाली. "मसाल्याचं खाऊन पोट बिघडते, म्हनून जेवन झालं का वाटी वाटी देत जाईन." मागे दादाजीही आले. जावयाचा हूम गावाने पाहावा अशी त्यांची इच्छा होती.

लक्ष्मणरावांच्या ओसरीवर कोंबडीचा रस्सा, भात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे होते. लक्ष्मणराव हे मोठे, लालसर, प्रसन्न गृहस्थ. घराच्या मागे गंभीर चेहऱ्याने उभ्या राहणाऱ्यांचे ते प्रमुख होते. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यासमोर काचेचा पेला ठेवला.

"लिंबाचं सरबत हाये, जवाईबुवा. रस्सा तिखट हाये."

"पयले हूम देतो, काकाजी."

खापरीवर निखारे आले. मी तूप सोडलं, घास टाकला, मग पेल्यातलं पळीभर सरबत टाकलं. फक् असा आवाज झाला आणि ज्वाळा माझ्या कपाळाच्या उंचीपर्यंत गेली. खालून निळी, वरून पिवळी, पुस्तकात असते तशी.

बायका पदरात तोंड घालून हसू लागल्या. लक्ष्मणराव छताकडे पाहू लागले. फक्त दादाजींनी हात जोडले.

"पूर्वज पावले," ते म्हणाले.

"इतकं आवडलं तं सारंच त्याईले देऊ," मी म्हणालो आणि पेला निखाऱ्यांवर रिकामा केला. ओसरीतला एक कोपरा क्षणभर उजळला.

"बारा आने पूर्वजाईले, चार आने तरी मानसाले ठेवाचे होते, बापा," लक्ष्मणराव हळहळले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "पयल्या धारेची होती."

जेवण झाल्यावर मंदाबाईने चंबूतला मठ्ठा वाटीत ओतला. मी तोही तपासला. शास्त्रात विश्वास चालत नाही. पळीभर मठ्ठा पडताच निखारे चरचरले, ज्वाळा बसली, पांढरा धूर निघाला. शुद्ध ताक. मी वाटी संपवली. थंड, आंबटगोड, जरा कडसर, जिरं भरपूर. उत्तम होता, म्हणून आणखी एक वाटी घेतली.

कुंताबाईंच्या घरी पातोडीचा रस्सा आणि मोहाच्या पाकात भिजवलेल्या पुऱ्या होत्या. कुंताबाई दादाजींच्या दुसऱ्या चुलतभावाची बायको, स्वयंपाकात भाऊबंदकीत पहिल्या आणि तो मान सांभाळून असलेल्या. त्यांनी पन्हं दिलं. मी हूम दिला. चर्र. विझलं. पन्हं निर्दोष. मंदाबाईचा मठ्ठा, चर्र, निर्दोष. दोन वाट्या.

"रस्सा लय तिखट झाला का, जवाईबुवा?" कुंताबाईंनी विचारलं. "कपाळाले घाम आला."

तिखट असावा. घाम होता खरा, आणि कान गरम होते. मी कुंताबाईंना तिखटाने घाम का येतो ते समजावून सांगितलं. मग धानात ओलावा किती असावा ते सांगितलं. मग न विचारता, तो जास्त असला तर काय होतं तेही. त्या ओठ मिटून ऐकत होत्या. माझ्या बोलण्याचा इतका प्रभाव कोणावर पडलेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

तिसरं घर भाऊबंदांतल्याच शकुनबाईंचं. तिथे काय खाल्लं ते मला तितक्या नेमकेपणाने सांगता येत नाही. वडे होते. मठ्ठा होता, हे नक्की, कारण मी त्याचा हूम दोनदा दिला आणि दुसऱ्यांदा मंदाबाईला त्यामागचं शास्त्र समजावलं. ती म्हणाली, "पाव्हने, तुमी नसते तं आमाले हे कोन सांगतलं असतं." शकुनबाईंच्या म्हाताऱ्या सासऱ्यांना मी तीनदा नमस्कार केला. प्रत्येक वेळी त्यांनी आशीर्वाद दिला, तिसऱ्या वेळी जरा सावरून बसत.

तोपर्यंत जावयाच्या हुमाची बातमी आमच्या पुढे धावत होती. आम्ही मागच्या अंगणात आलो तेव्हा निम्मी भाऊबंदकी तिथे जमली होती. आत्यांचं घर शेवटचं, आणि निरोपाचा शब्द तिथेच मिळायचा होता.

सत्यभामाआत्या बाजेवर बसल्या होत्या. पांढरं लुगडं, माळ, पुढे पानाचा डबा. मी वाकून नमस्कार केला. जमीन अपेक्षेपेक्षा थोडी जवळ होती.

"बसा," आत्या म्हणाल्या. मी बसलो. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं.

"दादाजी, जवाईचे डोरे पाह्यले का?"

"काय झालं, आत्या?"

"लाल हायेत."

"धूर लागला अशीन. साऱ्या घरी हूम देऊन राहिले ना ते."

"आन् झुलून राहिले ते?"

मी झुलत नव्हतो. बाज झुलत होती. मी तसं सांगणार होतो, पण जीभ वेळेवर हलली नाही.

"मी पेलो नाई, आत्या," शेवटी मी म्हणालो. "तपासून पाह्यलं साऱ्या घरी."

"पेनारा मानूस असंच म्हनते. डोमाही म्हने." आत्यांनी पानाच्या डब्याचं झाकण लावलं, म्हणजे निर्णय होत आला होता. "मी काई जवाईले वाईट म्हनत नाई. पन नियम सगळ्याईले सारखा. रुखमा राहू दे. धान कापनं होऊ दे, संक्रांतीले या मंग."

मंदाबाईचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. थट्टा इथपर्यंत न्यायची नव्हती तिला. दादाजी सवयीने मागच्या अंगणाकडे पाहायला गेले आणि आपण तिथेच उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तुमसरच्या खोलीतलं ते दुसरं ताट आलं. चुन्याच्या भिंतीला टेकून ठेवलेलं, अजून एकदाही न खरकटलेलं.

तेवढ्यात रुखमिणी आत्यांच्या खोलीतून बाहेर आली. पदर नीट डोक्यावर, नजर खाली, आवाज अगदी गरीब.

"आत्या, तुमी सांगान तसं. पन तीन घरी खाऊन आले ते. त्याईचं पोट जड झालं अशीन, म्हनून झुलून राहिले. थोडा काढा तं द्या."

"ओव्याचा काढा ठेवला हाये चुलीवर. दे आनून."

"ओव्याचा तं साऱ्याईलेच देता, आत्या. जवाई हायेत, तुमचाच द्या ना. कोनाड्यातला. तुमचे गुडघे त्यानंच चालते ना, सारा गाव म्हनते."

गाव तसं म्हणत असे हे खरं. आत्यांचा कोनाड्यातला काढा प्रसिद्ध होता. दहा मुळ्यांचा, साकोलीच्या कोण्या वैद्याचा. रोज सांजेला वाटीभर घेत आणि मग त्यांचा मूड चांगला असे. दुसऱ्या कोणाला तो कधी मिळालेला नव्हता.

"तो कडू हाये," आत्या म्हणाल्या. "जवाईले नाई सोसाचा."

"आत्या, द्या ना," दादाजी कळवळून म्हणाले. "पोरगं खाली हातानं चाललं. तेवढा तं मान करा."

आता नाही म्हणणं म्हणजे जावयाचा अपमान, आणि तोही सगळ्यांसमोर. आत्या सावकाश उठल्या, कोनाड्यातून हिरवी बाटली काढली आणि वाटीत दोन बोटं ओतलं. वाटी माझ्या हातात आली.

सकाळपासून मी ज्या क्रमाने काम करत होतो त्याच क्रमाने, काही विचार न करता, बोललो. "पयले हूम."

"काढ्याचा हूम कायले पाह्यजे?" आत्या जरा जोरात म्हणाल्या.

पण निखाऱ्यांची खापरी माझ्यासमोर आलेलीच होती. रुखमिणीने ती केव्हा आणली मला कळलं नाही. तूपही सुटलं होतं. मी पळी ओतली.

लक्ष्मणरावांच्या घरची ज्वाळा मी वर सांगितली आहे. ही तिच्यापेक्षा हातभर उंच होती. माझ्या उजव्या भुवईचे थोडे केस त्यात गेले. खोलीच्या दाराच्या वरचं कोळिष्टक पेटलं आणि विझलं. मग सगळीकडे तो वास पसरला, जो सकाळपासून माझ्या नाकाला वेगळा काढता येत नव्हता. या वेळी अडचण आली नाही.

सकाळचं लिंबाचं सरबत कशामुळे पेटलं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. लक्ष्मणरावांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, आणि जाणकाराच्या तोंडून सहज निघावं तसं निघालं, "अरे वा, ही तं माह्याहून..." पुढचं त्यांनी गिळलं, कारण आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं होतं.

मग आत्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या क्षणी माझं डोकं एकदम स्वच्छ झालं. मी शास्त्राचा पदवीधर होतो आणि माझ्यासमोर एका प्रयोगाचा निष्कर्ष होता. तो कसा मांडायचा एवढंच माझ्या हातात होतं.

"आत्या," मी म्हणालो, "साऱ्या एकोडीत पूर्वजाईले तुमच्याच घरचं जास्त आवडलं."

दादाजींनी हात जोडले. "खरी गोष्ट हाये. आत्याची भक्तीच तशी."

आत्यांनी पानाचा डबा उघडला, बंद केला, परत उघडला. त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात एक सुरकुती हलली. मला वाटतं, त्यांच्याशी बरोबरीने खेळणारा माणूस त्यांना बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. तो मी नव्हतो हे त्यांनाही माहीत होतं. त्यांची नजर माझ्यावरून सरकून खापरी उचलणाऱ्या रुखमिणीवर गेली आणि तिथेच थांबली.

"अग्नीनं घेतला म्हंजे परसाद झाला," त्या म्हणाल्या. "परसाद टाकाचा नसते, जवाईबुवा. वाटीत हाये तो घ्या."

"सारा?"

"सारा. आता कायची भीती?"

मी घेतला. तो कडू होता हे त्या खरं बोलल्या होत्या. घशापासून पोटापर्यंत काय कुठे आहे याची शरीरशास्त्राच्या पुस्तकाइतकी स्पष्ट कल्पना मला आली.

"दादाजी," आत्या म्हणाल्या, "रुखमाची पेटी भर. उद्या पयल्या मोटारीनं जाऊ दे दोघाईले. धानाचं पाहू, मंदा हाये ना कापाले. तिले लय हौस हाये मठ्ठा घेऊन घरोघर फिराची, धुऱ्यावरही घेऊन फिरन."

मंदाबाईने पदर तोंडावरून काढला. आत्यांच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती रस्त्याकडे होती. त्यातून आत्यांनी दिवसभरात काय काय पाहिलं होतं कोण जाणे.

सकाळी मोटारीच्या थांब्यावर बरेच लोक पोहोचवायला आले. माझं डोकं कोणी धान कांडल्यासारखं ठणकत होतं. कुंताबाई खास आल्या होत्या आणि त्यांचा चेहरा फुगलेला होता.

"जवाईबुवा, एक इचारतो. लक्ष्मनरावच्या घरी जाळ झाला. आत्याच्या घरी झाला. आमच्याच घरी काहून इझला? आमच्या हातचं पूर्वजाईले गोड नाई लागलं का?"

"श्रद्धा कमी पडली अशीन," दादाजी हळुवारपणे म्हणाले.

"पुढच्या मंडईले पाहजा मंग," कुंताबाई म्हणाल्या. "छपराले लागन असा जाळ करतो."

लक्ष्मणराव पुढे होऊन म्हणाले की वहिनींना श्रद्धेचा पुरवठा ते स्वतः करतील.

मोटार सुटली. रुखमिणी खिडकीशी बसली होती, पेटी आमच्या पायांशी. गाव मागे पडेपर्यंत ती बाहेर पाहत राहिली. धान पिवळं होऊन वाकलं होतं, धुऱ्यांवर, शेतांच्या बांधांवर, लोक विळे घेऊन निघाले होते. मग तिने पदर डोक्यावरून थोडा मागे घेतला. मी विचारलं.

"तुले माहीत होतं, कोनाड्यात काय हाये ते?"

"मी लहानपनापासून आत्याचे गुडघे दाबतो. मले नाई तं कोनाले माहीत राहीन?"

"मंग कालच काहून काढलं?"

"मी कुठं काढलं? मी तं फक्त म्हटलं, जवाईले चांगला काढा द्या." तिने डावा गाल आत घेतला. "हूम तुमी मागतला."

"विस्तव तर आधीच आनून ठेवला होता."

"साऱ्या घरी मागून राहिले होते. इथं नाई मागान का?"

मोटार एका खड्ड्यातून गेली आणि माझ्या डोक्यात काहीतरी इकडून तिकडे सरकलं.

"पन आत्या म्हनत होत्या का मी झुलून राहिलो. मी तर सारं तपासलं होतं. लक्ष्मणकाकाचं सरबत सोडून काहीच पेटलं नाई."

"मठ्ठा तपासला?"

"तीनही घरी. इझला."

"चंबूभर मठ्ठ्यात दोन पेले टाकले तं पेटते का?"

पेटत नाही. पाणी जास्त असलं की मद्यार्क पेटत नाही, हे मला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. माझी कसोटी फक्त प्रामाणिक दारू पकडत होती. मी वाट्या मोजल्या आणि मोजायचं सोडून दिलं. शकुनबाईंच्या सासऱ्यांना केलेले नमस्कार आठवले.

"म्हंजे मी कालपासून..."

"पयल्या घरापासून," रुखमिणी म्हणाली. "वहिनी सांगत होती, तुमी लय छान शिकवता."

साकोली यायच्या आधी तिने पेटी उघडली आणि मला खायला म्हणून पुऱ्यांचं गाठोडं काढलं. त्याच्याखाली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं. मी उलगडून पाहिलं. हिरवी बाटली, बूच मेणाने बंद केलेलं.

"आत्यानं देली," रुखमिणी म्हणाली. "म्हने, तुमसरची हवा दमट हाये. जवाईचे गुडघे दुखले तं असू दे."

माझे गुडघे तोपर्यंत कधीही दुखलेले नव्हते. त्या हिवाळ्यात ते अधूनमधून दुखू लागले.